एल्बियाच्या बाजूचं दार

हिलमन विकायची ठरली तेव्हा
मोंतेविदेओच्या कोस्ताबिलेनं फोनवर एकच अट घातली:
हँडलं खिळखिळी नकोत,
चारही दारं आतून उघडली पाहिजेत.

म्हणून हा शनिवार. कार्मेलो, नदीकडून वारा,
बाबांच्या शेडमध्ये मी गुडघ्यांवर.
हँडल धरलं की पडायला आलेल्या दातासारखं हलतं.
मागची चकती अंगठ्यानं आत दाबायची,
स्प्रिंग कुरकुरते,
मग दांडीच्या गळ्यात आडवी घुसलेली पिन दिसते.
खिळ्याचं टोक टेकवून एक टिचकी.
पिन उडते. नेहमीच उडते.
ती शोधण्यात अर्धा तास जातो, आणि असे बरेच शब्द
जे मी आईसमोर काढत नाही.

चौकोनी सळई, चौकोनी भोक,
सत्तर वर्षांत दोघांचेही कोपरे गेले.
ओलिवेरा म्हणाला, इंग्लंडहून मागव, नाहीतर पाचर मार.
मी पीचच्या डब्याचा पत्रा कापला,
नखाएवढ्या पट्ट्या, दोन भरल्या, एक उपसली, परत भरली,
धरून ओढलं.
हलत नाही.

चालकाचं झालं. मागची दोन झाली.
मागच्या डावीकडे पाचर लागलीच नाही,
तिथं बटाट्यांची पोती बसायची.

उरलं आईच्या बाजूचं.
हे आतून कधी उघडल्याचं मला आठवत नाही.
दर रविवारी क्लबासमोर गाडी थांबायची,
आई समोर बघत बसून राहायची, पर्स मांडीवर,
आणि बाबा, ज्यांनी घरात स्वतःचा कपसुद्धा उचलला नाही,
बॉनेटला वळसा घालून यायचे, दार उघडायचे.
बायका नवऱ्यांना कोपर मारायच्या: बघा जरा एरास्मोकडे.
आम्ही पोरं मागे हसायचो, अहो, कुलूप बिघडलंय!
गावातली निम्मी कुलपं ज्यांच्या हातून गेली
त्यांच्याच गाडीचं.

पुठ्ठा सोडवला. आत अंधार, जुनं मेणकापड,
एक वाळलेली गांधीलमाशी.
सळई आखूड.
कुलपापर्यंत पोचत नाही, दोन बोटं कमी.
झिजलेली नाही, तुटलेली नाही,
कापलेली.
करवतीचे ओरखडे तिरपे,
सवय नसलेला हात, तीनदा नव्यानं सुरुवात केलेली.

स्वयंपाकघरात ती ओट्यावर ठेवली.
आईनं किटली उतरवली, गॅस बंद केला, मग बघितलं.
"पासष्ट साल," ती म्हणाली. "तो झोपला होता.
दोन पाती मोडली माझ्याकडून."
का, ते मी विचारलं नाही.
"त्यांना कळलं नाही कधी?"
"कळलं असतं तर नीट केलं नसतं का?
खिळासुद्धा वाकडा खपायचा नाही त्याला."

सळई घेऊन परत शेडमध्ये. बल्ब जवळ ओढला.
ओरखडे होते तसेच,
पण त्या टोकाच्या कडा
कानशीनं उतरवलेल्या, वर बारीक कागद फिरवलेला,
चारही बाजूंनी सारखा,
आणि भोवती नमद्याची पट्टी, तारेनं बांधलेली,
गाडी खड्ड्यात गेली तर आत खडखड होऊ नये म्हणून.
तारेची गाठ डावखुरी.
आमच्या घरात डावखुरं एकच माणूस होतं.

मी पुसून, ग्रीस लावून, होती तशी बसवली.
पिन या वेळी उडाली नाही.
आईला अजून सांगितलेलं नाही.

मंगळवारी कोस्ताबिले आला. तीन हँडलं ओढली, खूश झाला.
चौथं ओढलं. "आणि हे?"
"हे बाहेरून उघडतं."
दोन हजार पेसो कमी करा म्हणाला. मी म्हटलं, करा.
चक्कर मारायला निघाला तर आई शेजारी जाऊन बसली,
कुणी बोलावलं नव्हतं.
धक्क्यापर्यंत गेले, परत आले.
फाटकाशी त्यानं इंजिन बंद केलं,
उतरा म्हणाला बहुधा.
आई समोर बघत होती. पर्स मांडीवर.
तो थांबला, माझ्याकडे बघितलं,
मी वायरी गुंडाळत राहिले.
मग त्याचं दार वाजलं,
आणि तो चालायला लागला, बॉनेटच्या कडेकडेनं.